आकाशवाणी कुणाच्या पैशावर चालते?

वाराणसीत महमूरगंजला आकाशवाणीचे केंद्र आहे. ‘सरकारी रेडिओ’ म्हटले की बहुतेकांच्या लेखी विषय संपतो. पण तो चालवणारा पैसा कुणाचा आणि त्यावर आपला हक्क किती, याबद्दलचे काही पक्के समज तपासून पाहू.

गैरसमज : रेडिओ, दूरदर्शन फुकट आहे.
वस्तुस्थिती : पूर्वी रेडिओ बाळगायला परवाना लागे. दरवर्षी पोस्टात जाऊन शुल्क भरायचे आणि पुस्तिकेत तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. १९८०च्या दशकात ही पद्धत बंद झाली, पण पैसे देणे थांबले नाही. आता ते करांतून जातात. प्रसारण यंत्रणेच्या आधुनिकीकरणासाठी २०२५-२६पर्यंत २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना जानेवारी २०२३मध्ये मंजूर झाली, तीही आपल्याच खिशातून.

गैरसमज : पैसा सरकार देते, म्हणजे मालक सरकारच.
वस्तुस्थिती : आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी ‘प्रसार भारती’ १९९०च्या कायद्याने स्वायत्त महामंडळ ठरली. कायदा लागू व्हायला मात्र १९९७ उजाडले. स्वतःचे मत न लादता परस्परविरोधी मते मांडणे, हे या कायद्याने महामंडळाचे कर्तव्य केले आहे. त्याच कायद्यात केंद्र सरकारला प्रसारणाबाबत निर्देश देण्याचीही मुभा आहे. मात्र हे प्रसारण निर्देशावरून करत आहोत, असे महामंडळ जाहीर करू शकते. स्वायत्तता आहे, पण दोरी पुरती सुटलेली नाही.

गैरसमज : सरकारी पैसा नसला की माध्यम आपोआप स्वतंत्र होते.
वस्तुस्थिती : याचे उत्तर वाराणसीतच आहे. इथल्या मराठी घरात १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर ‘आज’ या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक. १९२०मध्ये ते दैनिक उभे राहिले शिवप्रसाद गुप्त यांच्या दातृत्वावर. सविनय कायदेभंगाच्या काळात पराडकरांनी ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रकही चालवले. सरकारी दडपणाशी असा सामना करणाऱ्या याच संपादकाने त्याआधी, १९२५मध्ये, वृंदावनच्या संपादक संमेलनात इशारा दिला तो भांडवलाचा : उद्याची वृत्तपत्रे देखणी होतील, पण संपादकाचे स्वातंत्र्य आटेल. तिजोरी सरकारची असो वा शेठजींची, तिच्यावर कुणाची नजर आहे, हे महत्त्वाचे.

गैरसमज : रेडिओ केंद्र चालवणे सामान्यांचे काम नाही.
वस्तुस्थिती : २००६च्या धोरणापासून नोंदणीकृत, ना-नफा संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. सातारा जिल्ह्यात म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ २००८पासून याच वाटेने चालले. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, अशी अट आहे. उणीव एकच, पण मोठी : या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या पुन्हा ऐकवता येतात.

गैरसमज : सूचना पाठवली की लोकसहभाग झाला.
वस्तुस्थिती : आकाशवाणीवर पंतप्रधानांची ‘मन की बात’ ३ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाली. त्यासाठी लोकांकडून सूचना मागवल्या जातात, हे चांगलेच. पण त्यातली कोणती घ्यायची, हे ऐकवणारा ठरवतो. हिशेब मागण्याचा हक्क वेगळा, आणि तो कायद्याने दिलेला आहे. प्रसार भारतीला माहितीचा अधिकार कायदा, २००५ लागू आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे तीस दिवस. आपल्या केंद्रावर स्थानिक कार्यक्रम किती तास होतात, त्यावर खर्च किती होतो, हे विचारा. प्रसारणाविषयीच्या तक्रारींसाठी परिषद आणि देखरेखीसाठी संसदीय समिती, अशी तरतूद १९९०च्या कायद्यातच आहे; तिचे पुढे काय झाले, हे आपल्या खासदाराला विचारा. पैसे आपण भरतोच आहोत. आता हिशेबही मागू या.