ई८५ आणि पिकअप: ॲव्हरेज घटतं, ताकद नाही

अमेरिकेत आयोवा, इलिनॉय, मिनेसोटा या मक्याच्या पट्ट्यात अनेक पेट्रोल पंपांवर दोन दर शेजारीशेजारी लावलेले दिसतात. एक नेहमीच्या पेट्रोलचा, ज्यात १० टक्के इथेनॉल बहुतेक ठिकाणी असतंच. दुसरा ई८५चा, म्हणजे मुख्यतः इथेनॉल असलेल्या इंधनाचा, आणि तो बऱ्याचदा चांगलाच कमी असतो. शेवरले सिल्व्हराडो किंवा फोर्ड एफ-१५० सारखे मोठे पिकअप बाळगणाऱ्यांमध्ये यावरून दोन तट पडलेले आहेत. एक म्हणतो, ‘स्वस्त आहे, भरून टाका’; दुसरा म्हणतो, ‘त्याने गाडीचा जीव जातो’. दोघंही अर्ध्या माहितीवर बोलतात. आपल्याकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून हेच दोन सूर कानावर पडतात, म्हणून तिथला हिशेब नीट समजून घेणं आपल्याही कामाचं आहे.

दर कमी म्हणजे इंधन स्वस्त, हा यातला सगळ्यात महागात पडणारा समज. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे जवळपास एक तृतीयांश कमी. ई८५च्या नावात ८५ असलं तरी त्यातलं इथेनॉल प्रदेश आणि ऋतूप्रमाणे ५१ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान असतं. थंडीत ते कमी ठेवतात, कारण गारठ्यात इथेनॉलची पुरेशी वाफ होत नाही आणि इंजिन सुरू व्हायला त्रास देतं. हे सगळं धरून अमेरिकी ऊर्जा खातं सांगतं की ई८५वर गाडीचं ॲव्हरेज १५ ते २७ टक्क्यांनी उतरतं.

हिशेब मांडून बघू. समजा पिकअप पेट्रोलवर गॅलनला १८ मैल देतो आणि ई८५वर पाव भाग घट धरून साडेतेरा. पेट्रोलचा दर ३.२० डॉलर, ई८५चा २.६० डॉलर. वरवर गॅलनमागे ६० सेंट वाचले. पण पेट्रोलवर मैलाला १७.८ सेंट पडतात आणि ई८५वर १९.३. म्हणजे स्वस्त दिसलेलं इंधन प्रत्यक्षात महाग पडलं. २६ गॅलनची टाकी फुल्ल केली तर पेट्रोलवर ४६८ मैल जाता येतं, ई८५वर ३५१. मागे ट्रेलर जोडून लांब पल्ल्याला निघालेल्याला हा फरक फार जाचतो, कारण ट्रेलर ओढताना ॲव्हरेज आधीच पडलेलं असतं आणि ई८५चा पंप प्रत्येक गावात नसतो. या उदाहरणातल्या पिकअपला ई८५ परवडायचं तर त्याचा दर २.४० डॉलरच्या खाली उतरायला हवा. उतरला, तर मात्र बचत खरी आहे. नुसत्या हट्टापायी ती सोडण्यात अर्थ नाही.

ब्राझीलमध्ये हा हिशेब चालकांच्या अंगवळणी पडलेला आहे. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. तिथल्या सर्वाधिक खपणाऱ्या वाहनांत फियाट स्ट्राडा हा छोटा पिकअप आहे. तो दोन्हींवर चालतो, आणि मालक त्या दिवसाचा दर बघून ठरवतो.

ॲव्हरेज घटलं म्हणजे ताकदही घटली, असं पुष्कळ जण धरून चालतात. हे साफ चुकीचं आहे. २०१४च्या सिल्व्हराडोतलं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन घ्या. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ते पेट्रोलवर ३५५ अश्वशक्ती आणि ३८३ पाउंड-फूट टॉर्क देतं. तेच इंजिन ई८५वर ३७६ अश्वशक्ती आणि ४१६ पाउंड-फूट देतं. टॉर्कमधली वाढ आठ टक्क्यांहून जास्त आहे, आणि लोड घेऊन चढ चढताना ती जाणवते.

कमी ऊर्जेच्या इंधनातून जास्त ताकद कशी? इंजिनाची ताकद अडते ती हवेपाशी. सिलिंडरमध्ये हवा मावेल तेवढीच जाते, इंधन मात्र वाढवता येतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, पण त्याची हवेची गरजही तितकीच कमी. त्यामुळे तेवढ्याच हवेत दोन्हींपासून जवळजवळ सारखीच उष्णता मिळते. त्यात इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं, आत जाणारं मिश्रण थंड ठेवतं, आणि त्याचा ऑक्टेन अंक १००च्या वर असल्याने इंजिन नॉकिंग करत नाही. मग गाडीचा संगणक ठिणगी थोडी आधी टाकू शकतो, आणि वाढीव ताकद तिथून येते. मात्र टाकी लवकर रिकामी होते, कारण तेवढ्याच हवेबरोबर इंधन जास्त सोडावं लागतं. हा फायदा प्रत्येक फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि ई८५ दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीत सारखा नसतो. कंपनीने इंजिन त्या दृष्टीने जुळवलेलं असेल तरच तो मिळतो.

आता ‘गाडी खराब होते’ या भीतीबद्दल. ही भीती कोणत्या गाडीबद्दल आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. फ्लेक्स-फ्युएल पिकअपमध्ये टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे भाग इथेनॉल सोसतील असे असतात, आणि इंधनात इथेनॉल किती आहे ते ओळखून संगणक पुरवठा बदलतो. अशा गाडीत ई८५ने काही बिघडत नाही. साध्या पेट्रोल पिकअपमध्ये तेच ओतलं तर इंधन कमी पडतं, इंजिन मिस मारतं, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, आणि कालांतराने रबर व धातूचे काही भाग खराब होऊ शकतात. त्यामुळे सेकंडहँड पिकअप घेताना टाकीचं झाकण उघडून बघावं. अलीकडच्या बहुतेक फ्लेक्स-फ्युएल गाड्यांत झाकण किंवा त्याभोवतीची कडी पिवळी असते.

पाण्याबद्दलही उलटी समजूत आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं, पण पाण्यामुळे इंधनाचे दोन थर होण्याचा धोका कमी इथेनॉलच्या मिश्रणाला जास्त असतो. ई८५ त्याहून बरंच जास्त पाणी सामावून घेतं.

‘अमेरिकेचा मका गाड्या पितात’ हा आरोप पूर्ण खोटा नाही. तिथल्या मक्याचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा इथेनॉलकडे जातो. पण त्यातला फक्त स्टार्च दारू होतो. साधारण २५ किलोच्या एका बुशेल मक्यामागे सात-आठ किलो पेंड उरते आणि ती गुराढोरांच्या खाद्यात परत जाते. जमीन, खत आणि पाणी यांचा प्रश्न तरीही उरतोच. महाराष्ट्राला तर तो उसामुळे जास्त जवळचा आहे. डिसेंबर २०२३मध्ये साखर कमी पडेल या काळजीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, तेव्हा पीक आणि इंधन एकमेकांना किती घट्ट बांधलेले आहेत ते आपल्या कारखान्यांनी अनुभवलं.

आपल्याकडचे बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात, आणि पंपावरच्या डिझेलमध्ये इथेनॉलचं मिश्रण नसतं. त्यामुळे बोलेरो पिकअपवाल्याने ई२०ची चिंता करण्याचं कारण नाही. प्रश्न आहे तो पेट्रोलवरच्या छोट्या मालवाहू गाड्यांचा, मोटारींचा आणि दुचाकींचा. ई२०ने ॲव्हरेज निम्म्यावर येतं, हे खरं नाही. २० टक्के इथेनॉलमुळे लिटरमागे ऊर्जाच सहा-सात टक्के कमी होते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही ई१०साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे, आणि ई२०साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के. पण म्हणून काहीच फरक पडत नाही, असं म्हणणंही बरोबर नाही. दिवसाला दहा लिटर पेट्रोल जाळणाऱ्या टेम्पोवाल्याचं महिन्याला अठरा-वीस लिटरचं नुकसान होऊ शकतं.

अमेरिकेतल्या त्या पिकअपवाल्याकडे दोन दर आहेत आणि निवड त्याच्या हातात आहे. आपल्या बहुतेक पंपांवर ना वेगळा दर आहे, ना निवड. त्याच आराखड्यात ग्राहकाचं ॲव्हरेज घटतं त्याची भरपाई म्हणून करात सवलतीचा विचार करावा, अशी शिफारस आहे. ती सवलत पेट्रोलच्या दरात उतरायला हवी. जुनी पेट्रोल गाडी घेऊन रोजंदारीचा धंदा करणाऱ्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी आपापल्या खासदारांकडे हा मुद्दा त्या शिफारशीचा हवाला देऊन मांडावा.