तबकडीच्या दुसऱ्या बाजूची गाणी



लहानपणची गाणी म्हटली की आपल्या मेळाव्यांत तीच ती पंधरा-वीस गाणी निघतात. बाकीची कुठे गेली? ती वाईट होती म्हणून मागे पडली असे नव्हे. ज्या वाटेने ती आपल्यापर्यंत आली, ती वाटच अरुंद होती.

लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. चित्रपटातले एखादे कडवे त्यामुळे गळूनही जाई. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. पुढे तीत तबकड्यांचा खप व श्रोत्यांची पसंती पाहून गाण्यांचा क्रम लागू लागला. क्रम मिळालेली गाणी आम्हा मुलांना पाठ झाली. उरलेली एकदा-दोनदा कानावर पडून विरली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली, तेव्हा कुठे आकाशवाणीचे दार पुन्हा उघडले.

आपल्या डेव्हिड अब्राहम चेऊलकरांचेच पाहा. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधले त्यांचे मुलांसोबतचे गाणे सर्वांना येते. पण त्याच चित्रपटात तुरुंगातल्या टकलू कैद्यांना घेऊन ते ढगाला बोलावतात, कारण डोक्यावरचे पीक सुकले आहे! मन्ना डे यांनी ते विनोदी गाणे अडाणा रागात फर्मास गायले आहे. ते किती जणांना आठवते?

विसरलेले गाणे शोधताना शब्दांवर अडून बसू नये. चित्रपट, नट, गायक, यांपैकी काहीही आठवले तरी इंटरनेटवर माग लागतो. चाल तेवढी आठवत असेल, तर भावंडांना फोनवर गुणगुणून दाखवावी. घरात जुनी तबकडी असल्यास ती उभी ठेवावी, लेबल वाचावे आणि दुसरी बाजूही पाहावी. एल.पी.ची बारीक सुई मात्र तिच्यावर लावू नये. ७८ च्या खाचा रुंद असतात.

इंटरनेटवर गाणे सापडेल, पण ते आपल्या घरात कोण गाई, हे तेथे सापडणार नाही. ते आपल्याच पिढीला ठाऊक आहे, आणि आपल्यातली माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून शब्बाथ सुटल्यावर नातवंडांना जवळ बसवून एक गाणे ऐकवा, त्याचा अर्थ हिब्रूत सांगा आणि गाणाऱ्या आजीचे नाव त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्या.