झाडीपट्टी ते पडदा (भाग ७) : डावीकडचा आवाज

ऑडिशनबद्दल या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मधेच लाखनीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि त्यातल्या एका वाक्यानं मला धरून ठेवलं. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा दोन हंगाम झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांत बालभूमिका करतोय. यंदा त्याला एका लघुपटात घेतलं. त्या लिहितात, "मंचावर तो घडाघडा बोलतो. कॅमेऱ्यासमोर मात्र दर वाक्यानंतर थांबतो आणि डावीकडे बघतो. सगळे वैतागतात. असं का होत असेल?"

ताई, डावीकडे त्याचा प्रॉम्प्टर बसतो.

झाडीपट्टीबाहेरच्या माणसाला प्रॉम्प्टर म्हणजे अडलेल्या नटाला शब्द पुरवणारा, एवढंच ठाऊक असतं. आपल्याकडे तो अख्खं नाटक पुरवतो. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. धान घरात आलेलं असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात. दिवसा दंडार नाही तर खडी गंमत ही लोकनाट्यं, रात्री नाटक. पुढे शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस येतात, आणि होळीपर्यंत हे असंच चालतं. वडसा इथल्या मंडळ्यांची नाटकं साकोली, लाखांदूर, पवनीकडच्या गावांत येतात. नट आज या मंडळीकडे, उद्या त्या मंडळीकडे. पाच-सहा नाटकांची भाषणं एकाच वेळी पाठ ठेवणं कुणाला जमणार, आणि तालमीला दिवस तरी कुठून आणणार? म्हणून रात्री पडदा उघडल्यापासून पहाट होईपर्यंत प्रॉम्प्टर वाक्यामागून वाक्य वाचत राहतो.

मी लाखांदूरकडच्या एका गावात असाच एकदा प्रॉम्प्टरच्या शेजारी रात्रभर बसलो होतो. मांडीवर फाटकी वही आणि विजेरी. नटाच्या तोंडात आधीचं वाक्य असतानाच तो पुढचं सोडतो. नट एका कानानं ते झेलतो, तोंडानं आधीचं संपवतो आणि वर लटकणाऱ्या माइककडे तोंड ठेवून मागच्या रांगेपर्यंत पोचवतो. वाचताना प्रॉम्प्टर नुसते शब्द देत नाही. कुठे दम घ्यायचा, कुठे चढायचं, हे त्याच्या कुजबुजीतच असतं. त्या रात्री आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बापाच्या प्रेताशी बोलत होती. प्रॉम्प्टरचा आवाज भरून आला तसा तिचाही आला. शामियान्यात बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. त्या रडण्यात त्या वहीवाल्या माणसाचा वाटा किती, हे मला त्या जागेवरून दिसलं.

आणखी एक गोष्ट. झाडीबोलीत 'ळ' आणि 'ण' नाहीत. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी. पण झाडीपट्टीच्या नाटकात नायक, नायिका, खलनायक प्रमाण मराठी बोलतात. झाडीबोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती विनोदी भूमिकांत घातलेल्या उभ्या आयुष्यासाठी. नायकाच्या लेकराची भूमिका करणाऱ्या पोराला मात्र 'डोळे'च म्हणावं लागतं. ते त्याला शाळेआधी प्रॉम्प्टर शिकवतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आणि दंडारीवर आयुष्य घातलं. तसं कुणीतरी या प्रॉम्प्टरांवर लिहायला हवं. त्यांची नावं फलकावर मोठ्या अक्षरांत येत नाहीत, याची मला फार खंत वाटते.

मंचावरची सवय पडद्यापर्यंत सोबत येते, हे काही आजचं नाही. विष्णुपंत पागनीस स्त्रीभूमिका करणारे नट. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) ते आले तेव्हा त्यांच्या जुन्या मार्दवातूनच तुकारामबुवांची शांतता उभी राहिली, असं मला तो चित्रपट पाहताना दर वेळी वाटतं. गणपत पाटलांना त्यांचा 'नाच्या' कधी सोडूनच गेला नाही. लोक त्यांना घरीदारीही तसंच समजत राहिले. आपल्या दंडारीत साडी नेसणाऱ्या पोरांचा विचार करताना मला हे दोघे नेहमी आठवतात.

आता उपाय. चित्रीकरणात प्रॉम्प्टर बसवता येत नाही, कारण माइक त्याचीही कुजबूज टिपतो. भाषणं पाठ करून घ्यावीच लागतील, पण तेवढ्यानं डोळा डावीकडे जायचा थांबत नाही. असाच एक पोरगा मी एका चित्रीकरणात पाहिला होता. सात-आठ टेक वाया गेले, पोराचं तोंड उतरलं. मग त्याच प्रसंगात काम करणारा झाडीपट्टीचा एक जुना नट त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "तुया प्रॉम्प्टर आता मी आहो. मी बोललो का तू आयकून बोल." पुढच्या टेकला पोरानं त्या म्हाताऱ्याचं वाक्य तसंच कान देऊन ऐकलं, आणि ऐकतानाचा त्याचा चेहरा पाहून कॅमेरामन मागे वळून दिग्दर्शकाकडे बघू लागला. शहरातल्या बालनाट्य शिबिरांत मुलांना बोलायला शिकवतात. ऐकण्याची तयारी आपल्या पोरांकडे आधीच असते, फक्त कान कुणाकडे लावायचा ते बदलायचं. 'झॉलीवूड' (२०२२) हा तृषांत इंगळे यांचा चित्रपट झाडीपट्टीच्या नाटकांवरच आहे. मुलासोबत तो बघा.

पत्रातला दुसरा प्रश्न वेळेचा. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त, विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते, आणि मोबदल्यातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा असतो. ही परवानगी चित्रीकरणाआधीच बघायला मागा, ताई. मागायला संकोचू नका.

आणि लघुपट झाला की मुलानं डावीकडे पाहणं सोडलं का, ते नक्की कळवा. ऑडिशन पुढच्या आठवड्यात.