तळहाताहून मोठी नानखटाई

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की पूर्वी आमच्या मोहल्ल्यात एक ठरलेला कार्यक्रम असे. तरावीहनंतर घरोघरच्या बायका मैदा, पिठीसाखर, तुपाचा डबा आणि वेलचीची पुडी घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जात. पाच-सहा जणी परातीभोवती बसून गोळे वळत. पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवली जाई आणि लाकडाच्या भट्टीतून नानखटाई बाहेर यायला मध्यरात्र होई. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या मुलांचे ईदचे कपडे अजून व्हायचे आहेत, हे त्या परातीभोवतीच कळे. घरी पोहोचेपर्यंत डब्यातला वरचा थर वाटण्यात संपलेला असे.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. हवेचा विचार केला तर त्यात चूक काढता येत नाही. त्या धुराने खोकणारी लेकरे आमचीच होती. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतही लाकूड गेले, लहान ओव्हन आला आणि घरचे पीठ भाजून देणे थांबले. धूर गेला, त्याबरोबर परातीभोवतीची बैठकही गेली.

मग यंदा आम्ही घरच्या छोट्या ओव्हनमध्येच नानखटाई करायचे ठरवले. मुलांनी लगेच अट घातली, "छोटी नको, ताटलीएवढी मोठी करा!" मोबाईलवर त्यांनी कुठेतरी मोठमोठी बिस्किटे पाहिली होती. आम्हालाही वाटले, त्यात काय कठीण? गोळा चौपट घ्यायचा आणि वेळ थोडा वाढवायचा.

पहिला घाणा साफ बिघडला. कडा काळ्या पडल्या आणि मधोमध पीठ कच्चे राहिले. पत्र्यावरून उचलायला गेलो तर हातातच तुकडे झाले. पाव किलोच्या आसपास तूप गेले होते. फेकणे म्हणजे इसराफ. म्हणून करपलेल्या कडा खरवडून काढल्या, उरलेला चुरा कढईत मंद आचेवर खरपूस भाजला आणि सहरीला दुधात घालून खाल्ला. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, खुर्चीत बसून पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, रोटी मोठी झाली की आच कमी करायची असते. तुम्ही उलटे केले."

अम्मींचे बोलणे अगदी शास्त्राला धरून आहे. उष्णता बिस्किटात कडेकडून आणि वरखालून शिरते, मध्यापर्यंत पोहोचायला तिला वेळ लागतो. बिस्किट जाड आणि रुंद झाले की हा वेळ वाढतो. आच तीच ठेवली तर मध्य भाजून होईपर्यंत कडा करपून जातात. लहान ओव्हनमध्ये तर तापलेल्या सळ्या पत्र्याच्या अगदी जवळ असतात. भट्टीत तसे नव्हते. विटा तापून राहत आणि मग हळूहळू निवत जाणाऱ्या उष्णतेवर नानखटाई निवांत भाजली जाई. घरच्या ओव्हनमध्ये हा निवांतपणा आपल्यालाच आणावा लागतो.

तीन वेळा करून आमचे जे प्रमाण बसले, ते असे: मैदा २५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १७५ ग्रॅम, तूप २०० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ. यात १०० ग्रॅमच्या सात नानखटाया होतात.

तूप जमलेले घ्यावे, वितळलेले नको. तूप आणि साखर एकत्र करून पांढरे व हलके होईपर्यंत फेसावे. कोरडे जिन्नस दोनदा चाळून त्यात मिसळावेत. पाणी घालू नये. गोळा वळला जात नसेल तर चमचाभर दूध पुरे. पीठ कणकेसारखे मळू नये, नुसते एकत्र आणावे. जास्त मळले तर नानखटाई खुसखुशीत न होता कडक होते.

गोळे दाबून साधारण ९ सेंटीमीटर रुंद आणि सव्वा सेंटीमीटर जाड करावेत. मध्यभागी अंगठ्याने हलका खळगा द्यावा. मध्य पातळ राहिला की तो कडेबरोबरच भाजून निघतो. खळग्यात पिस्त्याचे काप बसवता येतात. मग पत्रा वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावा. तूप घट्ट झाले की बिस्किट पसरत नाही. एका वेळी तीन-चारच ठेवावीत आणि मध्ये चार बोटांचे अंतर सोडावे.

ओव्हन आधी दहा मिनिटे तापवून घ्यावा. लहान नानखटाईला १७० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटे लागतात. मोठीला १५० अंशांवर साधारण अर्धा तास द्यावा आणि पत्रा खालच्या कप्प्यात ठेवावा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर कडे, कड्यावर ताटली आणि वर घट्ट झाकण, असेही जमते. आच मंद ठेवावी. वेळ थोडा जास्त लागतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गरम असताना हात लावू नये. बाहेर काढल्यावर नानखटाई मऊच लागते आणि आपल्याला वाटते, कच्ची राहिली. पण तूप गार होऊ लागले की ती आपोआप घट्ट होते. पत्र्यावरच अर्धा तास राहू द्यावी. रोजा सोडायची वेळ जवळ आली असताना मुलांना हे सांगणे म्हणजे सब्रची खरी परीक्षा!

आता एक हिशेब. अशा एका नानखटाईत २५ ग्रॅम साखर आणि २८ ग्रॅमच्या आसपास तूप असते. दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ही एकट्याने खायची वस्तूच नाही. मधुमेह असलेल्या अम्मींच्या वाट्याला तर नखाएवढा तुकडा. ती मोडायची आणि वाटायचीच.

आम्ही तेच केले. चांगल्या जमलेल्या सातपैकी दोन घरी ठेवल्या. बाकीच्या पाच कागदात गुंडाळून मुलांच्या हाती दिल्या. एक खालच्या मजल्यावरच्या खालांना, एक समोरच्या काकूंना, एक मशिदीच्या मुअज्जिनसाहेबांच्या घरी. रश्श्यात पाणी वाढवावे, पण शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना दिली होती. आम्ही ती मुलांना वर्गात आणि घरात कितीदा सांगितली असेल. पण हातात गरम पुडी घेऊन दार वाजवल्यावर ती त्यांना जशी समजली, तशी आमच्या सांगण्याने समजली नव्हती.

खालांच्या दारातून धाकटा परत आला तो बातमी घेऊनच. त्या तीन दिवसांपासून तापाने पडून होत्या. एकाच जिन्याने चढणारे-उतरणारे आम्ही, आणि आम्हाला पत्ता नव्हता. पूर्वी हे परातीभोवती कळले असते. त्या रात्री त्यांची सहरी आमच्याकडून गेली आणि सकाळी त्यांना दवाखान्यात नेले. अलहम्दुलिल्लाह, ईदला त्या शीरखुर्म्याला आमच्याकडे होत्या.

पुढच्या रमजानमध्ये इंशाअल्लाह परात आमच्या घरात मांडायची, असे अम्मींनी जाहीर केले आहे. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी आपले पीठ घेऊन यावे. चिठ्ठी लिहायचे काम मुलांकडे.