फायबर खुरसापर्यंत आलं, पुढे काय?

गोव्यातल्या कितीतरी वाड्यांची सध्या एकच गत आहे. मोठ्या रस्त्यावरून फायबरची काळी केबल गेलेली असते, वाड्याच्या तोंडावरच्या खुरसाजवळ खांबाला एक पेटीही लटकत असते, आणि तिथून दीडशे मीटर आत राहणारी मुलं परीक्षेचा फॉर्म भरायला सोप्यावर बसून मोबाइलची रेंज शोधत असतात. ‘केबल दारावरून गेली, मग जोडणी द्यायला यांचं काय जातं?’ असं सगळेच विचारतात. उत्तर ‘कंपनी आळशी’ एवढंच नाही. थोडं काचेत आहे, थोडं कागदात, आणि बरंचसं आपल्या वाड्यातल्या बंद घरांत.

आधी काच. फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा धागा. प्रकाश ज्यातून धावतो तो त्याचा गाभा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो. प्रकाशाला काचेत कोंडून वळवता येतं हे पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासोबत दाखवलं. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. पण त्या वेळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विझून जायचा. दोष कल्पनेचा नसून काचेतल्या अशुद्धीचा आहे, एक किलोमीटरनंतर निदान एक टक्का प्रकाश उरला तरी टेलिफोनचं काम होईल, असं चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडलं. चार वर्षांत तशी काच तयार झाली. आज किलोमीटरभर गेल्यावरही नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश शाबूत असतो. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं. कपानींना मिळालं नाही, आणि याची हळहळ मला तरी वाटते.

मग एवढ्या सरस काचेला शेवटचे दीडशे मीटर का जड जातात? कारण रस्त्यावरून जाणारी प्रत्येक केबल आपल्यासाठी नसते. घरावरून उच्च दाबाची वीजवाहिनी गेली म्हणून तिच्यावर आकडा टाकून कोणी पंखा लावत नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. फायबरचंही तसंच. लांब पल्ल्याची केबल एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. तिच्यातला एखादा धागा वाड्यासाठी सोडवून घ्यायचा, मशीनने दोन काचा वितळवून जोडायच्या, आणि पुढे स्प्लिटर बसवायचा, तेव्हा कुठे घरांची सोय होते.

स्प्लिटर ही या सगळ्यातली सर्वात गंमतीशीर वस्तू. त्याला वीज लागत नाही. एका धाग्यातून आलेला प्रकाश तो आठ, सोळा किंवा बत्तीस धाग्यांत वाटतो, बस्स. तेर्सानंतर एका मेणबत्तीवरून बत्तीस मेणबत्त्या पेटवल्या तरी पहिलीची ज्योत कमी होत नाही. इथे मात्र होते. बत्तीस वाटे केले की प्रत्येकाला बत्तिसावा हिस्साच, आणि जोडांत, वळणांत थोडा आणखी जातो. म्हणून तंत्रज्ञ घरी आला की एक छोटं मीटर लावून प्रकाश किती उरलाय ते बघतो. आकडा उणे पंचवीसच्या आसपास गेला की तो मान हलवतो, कारण त्याखाली घरातला मोडेम हेलकावे खायला लागतो. खुरसाजवळच्या पेटीत आठच जागा असल्या आणि आठही भरल्या, तर नववं घर पेटीच्या समोर असलं तरी ताटकळतं. तेव्हा ‘पेटी आहे का’ यापेक्षा ‘पेटीत जागा आहे का’ हे विचारावं.

वेगाचीही वाटणीच असते. सध्याच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका धाग्यावर सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट उतरतात. बत्तीस घरांनी एकाच क्षणी शेवटचा थेंबही मागितला तर दर घराला अठ्ठ्याहत्तर मेगाबिट. तसं सहसा होत नाही, त्यामुळे शंभरचा प्लॅन शंभर देतो.

शब्दांचा घोळ इथे सांगायला हवा. स्विंडनला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे ‘फुल फायबर’ची जाहिरात येते तेव्हा तिला वाटतं, आधीचं काय अर्धं होतं? खरंच अर्धं होतं. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या कपाटापर्यंत काच आणि पुढे घरापर्यंत जुनी तांब्याची टेलिफोन तार, अशा जोडणीलाही वर्षानुवर्षं ‘फायबर’ म्हणत. त्यात ग्राहकाची दिशाभूल होत नाही असं तिथल्या जाहिरात नियामकाने २०१७ मध्ये ठरवलं, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. म्हणून घरापर्यंत काच नेणाऱ्यांना ‘फुल’ हे विशेषण चिकटवावं लागलं. आपल्याकडे ‘एअरफायबर’ आलंय. त्यात टॉवरपासून घरापर्यंत फायबर मुळीच नाही, ती ५जीची बिनतारी जोडणी आहे. वाईट नाही, पण आपल्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून त्या लहरी आत शिरताना दमतात; यंत्र बाहेर किंवा गच्चीवर लावावं लागतं.

आता कागद. केबल जमिनीखालून न्यायची तर चर खणायला रस्ता ज्याचा आहे त्याची परवानगी लागते: कुठे पंचायत, कुठे सार्वजनिक बांधकाम खातं. पावसाळ्यात रस्ते खणू देत नाहीत, आणि जांभ्यात चर खणणं हा उन्हाळ्यातही घाम काढणारा उद्योग. खांबांवरून न्यायची तर खांब वीज खात्याचे. केंद्राचे मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत, अर्ज ऑनलाइन करायची सोय आहे. तरी दीडशे मीटरसाठी एवढी खटपट करायला फायदा दिसावा लागतो.

आणि इथेच बंद घरं आडवी येतात. सर्व्हेवाला वाड्यात फिरतो तेव्हा उघडी दारं मोजतो. आमच्या वाड्यात अकरा घरं आहेत, पाचांना कुलूप. एक कुटुंब लंडनला, दोन स्विंडनला, एक कुवेतला, एक मुंबईत. उरलेल्या सहांपैकी तिघांत एकटी म्हातारी माणसं. हिशेबाने बघाल तर फायदा नाही, यादीत आमचा वाडा शेवटी. माझं म्हणणं असं, की हा हिशेबच अर्धा आहे. जी माणसं परदेशात गेली त्यांनाच रोज रात्री इथे आईचा चेहरा बघायचा असतो. तो चेहरा अर्धा तास गोठून राहतो आणि ‘आई, गोळ्या घेतल्यास?’ एवढं विचारायला चार वेळा फोन लावावा लागतो. जोडणीचं बिल भरायला तीच मुलं तयार असतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. ज्या वाड्यात कोणी विचारतं, सात-आठ घरांच्या नावांची यादी करून स्थानिक केबलवाल्याच्या हातात ठेवतं, तिथे कामं हलताना पाहिली आहेत. यादीत बिल कोण भरणार तेही लिहावं, म्हातारीचं नाव आणि मुलाचा नंबर. आणि ही यादी ऑगस्टमध्ये तयार हवी, म्हणजे पाऊस उघडताच अर्ज जातो; डिसेंबरात फेस्तांच्या गडबडीत कोणी खांबावर चढत नाही.

जोडणी आल्यावर एका गोष्टीने म्हातारी माणसं घाबरतात ती आधीच सांगून ठेवा. जुन्या लँडलाइनला वीज एक्सचेंजकडून तारेतूनच यायची, त्यामुळे दिवे गेले तरी फोन चालायचा. काचेतून वीज येत नाही. रस्त्यावरचा स्प्लिटर वादळातही काम करत राहील, पण घरातला मोडेम दिवे जाताच मान टाकतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो मोडेमला लावला की काही तास निघतात. आणि मोडेमवर लाल दिवा लागला तर तो बंद-चालू करत बसू नका: लाल म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये. बहुधा बाहेर कुठेतरी माडाची झावळी वायरवर पडलेली असते.