उपमान नीट निवडा!

मराठीच्या मास्तराने ताऱ्यांविषयी लिहावे, हे वाचकांना जरा विचित्रच वाटेल. पण वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेला उपमा अलंकार मला खऱ्या अर्थाने उमगला तो नेरूळमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, आणि तोही नववीतल्या माझ्या मुलीकडून!

आकाशात ययाती नावाचा तारकासमूह आहे. त्यातला अल्गोल हा तारा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा. एरवी त्याची प्रत २.१ असते. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हा गडी मंदावत ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. सारा खेळ सुमारे दहा तासांचा. वास्तविक ती ताऱ्यांची जोडी आहे. त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढे आला की ग्रहण लागते. ही कल्पना १७८३ साली इंग्लंडातल्या जॉन गुडरिक या अवघ्या अठरा वर्षांच्या बहिऱ्या मुलाने सुचवली, तीही नुसत्या डोळ्यांनी पाहून.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कन्येने वही घातली. अल्गोल ऐन मंद असताना तिने शेजारच्याच एका तांबूस ताऱ्याशी त्याची तुलना केली आणि लिहिले, ‘दोघे जवळजवळ सारखे.’ महिन्याने पुन्हा तीच वेळ साधली, तेव्हा नोंद झाली, ‘अल्गोल स्पष्टपणे अधिक तेजस्वी.’ मी पुस्तक उघडून म्हणालो, “अगं, दर ग्रहणात तो सारखाच मंद होतो. तुझं काहीतरी चुकलंय. खोडून नीट लिही.”

“बाबा, मला दिसलं तेच मी लिहिलंय. खोडणार नाही,” असे म्हणून ती जी फुरंगटली, ती दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने ताऱ्यांचा नकाशा माझ्यापुढे ठेवला. त्या शेजारच्या ठिपक्याभोवती बारीकसे वर्तुळ होते. ती रूपविकारी ताऱ्याची खूण! ययातीतला ‘ऱ्हो’ नावाचा तो तारा स्वतःच ३.३ ते ४ प्रतींच्या दरम्यान वरखाली होत असतो. नोंद बरोबर होती. चुकले होते ते उपमान.

उपमान प्रसिद्ध हवे आणि स्थिर हवे, हे मी मुलांना सांगतो. आकाशातही नियम तोच. तुलनेचा तारा स्वतः बदलणारा नको. रंग शक्यतो जुळता हवा. तांबडा तारा टक लावून पाहिला की अधिकच तेजस्वी भासतो. उंचीही सारखी हवी, कारण क्षितिजालगतच्या ताऱ्याचे तेज हवेच्या जाड थरात हरवते. आणि एकावर भागत नाही, दोन तारे लागतात: एक थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. समजा, ययातीतला २.९ प्रतीचा गॅमा आणि त्रिकोण समूहातला ३.४ प्रतीचा अल्फा यांच्या बरोबर मध्ये अल्गोल वाटला, तर त्याची प्रत ३.१ ते ३.२ समजावी. तो पूर्ण तेजात आहे की नाही, हे देवयानीतल्या २.१ प्रतीच्या अल्माकवरून कळते.

ही केवळ पोरांची करमणूक नव्हे. जशोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेल्या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेकडे सुमारे ३७ हजार निरीक्षणे धाडली. आपल्या पुण्यातही हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. अशा वहीत खाडाखोड झाली, तर पुढच्याने विश्वास ठेवायचा कशावर?

मी मुलीची माफी मागितली. शिवाय मनाशी एक निश्चयही केला. “शेजारच्यांचा मुलगा बघ!” हे वाक्य आमच्या घरात फार वेळा उच्चारले जाई. तो शेजारचा तारा तरी स्थिर आहे, हे मी कधी तपासले होते?

लक्ष्मीपूजनाला अमावास्या, म्हणजे चंद्राचा उपद्रव नाही. फटाक्यांचा धूर मात्र असतो. तो निवळू द्या. रात्री दहाच्या सुमारास मुलांना घेऊन गच्चीवर जा, ईशान्येकडे पाहा. वेळ आणि तुलनेचे तारे वहीत टिपा. आणि मुलांना जे दिसेल, तेच लिहू द्या.