नागरिकशास्त्राचा तास ग्रामसभेत भरवा!

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. त्यांचे स्मारक पाहायला लोक येतात, पोरांना इतिहास सांगतात. शाळेत मात्र त्याच इतिहासाच्या पुस्तकामागे जोडलेले नागरिकशास्त्र परीक्षेपुरते पाठ केले, की संपले!

धडे नाहीत असे नाही. 2017 साली आलेल्या सातवीच्या पुस्तकात संविधानाची उद्देशिका आहे, मूलभूत हक्क आहेत. पण हक्क छापलेला असणे आणि तो बजावता येणे यांत किती अंतर असते, हे शेजारच्या महाडने दाखविले आहे. 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर! ओंजळभर पाण्यासाठी 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबांनी महाडला स्त्रियांपुढे भाषण करून मुलींना शिकवा, असे बजावले.

आज या डोंगरपट्ट्यातले कितीतरी पुरुष पोटासाठी मुंबईला असतात. उन्हाळ्यात हंडा वाहते ती बाई आणि तिच्यामागे सातवीतली लेक. पाण्याचा ठराव कोण मांडतो? महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे ग्रामपंचायत कायद्याचे कलम 7 सांगते. तरीही सरपंचबाईंपुढे सहीचा कागद सरकवणारा हात अनेक ठिकाणी नवऱ्याचाच!

वकिलीत माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना कायदा कळतो तो संसार मोडल्यावर. तोच तेराव्या वर्षी कळला असता तर?

म्हणून मागणी साधी आहे. सहावी ते आठवीच्या मुलींना महिला सभेत बसून ऐकू द्या. त्यांना मत नसेल, कान आहेत, डोळे आहेत. ठराव इतिवृत्तात कसा लिहितात, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करतात, हे पाहू द्या. अठराच्या आत लग्न ठरले तर 1098 हा क्रमांक फिरवायचा, हे त्यांना पाठ हवे.

कार्यकर्त्यांनो, 26 जानेवारीला नुसती उद्देशिका वाचून थांबू नका. आपापल्या पंचायतीत ही मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. तळे खुले झाल्याचा कागद आपल्या पूर्वजांना पुरला नाही. मग लेकींना धड्याचा कागद का पुरावा?

जय भीम!